आधी माप, मग नाव

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू गेल्यावर तुझा कप उचलला, तर चहा तसाच होता, वर जाड साय. दोन तास तू वर्गातल्या कामासाठी लॅपटॉपवर आकडे हलवत होतीस आणि निघताना दारात बुटाची नाडी बांधता बांधता विचारलंस, "काका, मग वॉर्ड बसतो की नाही हॉल ऑफ फेममध्ये?" मी काहीतरी पुटपुटलो आणि उत्तर टाळलं. ते टाळणं तेव्हापासून मला टोचतंय, म्हणून हे पत्र.

तुझा प्रश्न चांगला आहे: आपल्या पिट्सबर्गचा रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा, हाइन्स वॉर्ड अमेरिकन फुटबॉलच्या कॅन्टनमधल्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मान-दालनात, बसतो का? माझा जीव खालीवर झाला तो तुझ्या पद्धतीमुळे. पहिल्यांदा तू कॅच आणि टचडाउनना (चेंडू शेवटच्या रेषेपार नेण्याला) जास्त वजन दिलंस, वॉर्ड खाली गेला. मग सुपर बोलचं, म्हणजे मोसमाच्या अंतिम सामन्याचं, वजन वाढवलंस, तो वर आला, पण आपल्याच संघाचा जुना रिसीव्हर लिन स्वॉन त्याच्याही वर गेला. मग तिसऱ्यांदा वजनं बदललीस. आणि प्रत्येक वेळी एंटर दाबल्यावर तुझी नजर आधी कुठे गेली? वॉर्डच्या ओळीवर. मी शेजारी बसून बघत होतो.

कराडला आमच्या वडिलांचं धान्याचं दुकान होतं, हे तुला तुझ्या बाबांनी सांगितलं असेल. लोखंडी वजनाच्या पोटात एक भोक असतं, त्यात शिसं भरलेलं असतं आणि त्या शिशावर सरकारी छाप असतो. शिसं उकरलं की वजन हलकं होतं, म्हणून छाप त्याच्यावरच. वडील ती वजनं सकाळी गिऱ्हाईक यायच्या आत पाटावर उलटी मांडून तपासायचे. पण वजनापेक्षा जास्त खोट मापट्यात करता येते, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो. तेच मापटं, तीच ज्वारी. ओळखीच्याला शीग लावून द्यायची, परक्याचं हाताने सपाट करायचं. भांडं खोटं नसतं, हात खोटा असतो. त्यांच्या दुकानात सगळ्यांना सपाट, आणि वर एक मूठ, तीही सगळ्यांना.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: आधी माप, मग नाव. तू नाव आधी घेतलंस.

आता मी काय केलं ते ऐक. 2008 च्या जानेवारीत वॉशिंग्टनचा जुना रिसीव्हर आर्ट मंक याचं नाव हॉल ऑफ फेमच्या मतदानाला होतं. मेरीलँडला माझा एक जुना मित्र आहे, आम्ही एकाच वर्षी या देशात आलो. तो वॉशिंग्टनच्या संघाचा चाहता, मी अर्थातच पिट्सबर्गचा. मी त्याला दोन पानी मेल लिहिली. मंक सोळा मोसम खेळला, 940 कॅच, 12,721 यार्ड, पण टचडाउन फक्त 68. तो दीर्घकाळ टिकला, म्हणून आकडे साठले. साठवणं म्हणजे थोरपण नव्हे, असं मी ठासून लिहिलं. 1984 साली त्याने एका मोसमात 106 कॅच घेऊन विक्रम केला होता, ते मी एका अर्ध्या वाक्यात उडवून लावलं. सुपर बोल जिंकल्यावर मिळालेल्या त्याच्या तीन अंगठ्यांचा तर उल्लेखच केला नाही. त्या वर्षी मंक आत गेला. मित्राने विजयाचा एक शब्दही लिहिला नाही.

मग 2017 आलं. वॉर्ड 2012 च्या मार्चमध्ये निवृत्त झाला होता, पाच वर्षं पूर्ण झाली, तो पहिल्यांदा पात्र ठरला. मी त्याच मित्राला पुन्हा मेल केली. 1000 कॅच! 12,083 यार्ड! 85 टचडाउन! त्याच्या आधी हजाराचा टप्पा फक्त सात जणांनी गाठला होता: राइस, गोन्झालेझ, हॅरिसन, कार्टर, ओवेन्स, ब्राउन आणि ब्रूस. (पुढे त्या सातही जणांना कॅन्टनचा सोनेरी कोट मिळाला, हे खरं आहे.) दीर्घकाळ टिकणं हीच थोरवी, असं मी लिहिलं. मित्राने उत्तरादाखल माझी 2008 ची मेल मला परत पाठवली. वर एक ओळ नाही, खाली सही नाही. मंकच्या वेळी मी मापटं सपाट केलं होतं आणि वॉर्डला शीग लावून घातलं होतं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

तू म्हणशील, काका, खेळच तर आहे. नाही गं. हेच मी कामावरही केलं. बढतीसाठी तिघांतून एक निवडायचा होता, समितीत मी होतो. माझ्या हाताखाली तयार झालेला एक मुलगा होता, तो मला हवा होता. पहिल्या बैठकीत मी म्हणालो, पेटंट मोजा. दुसऱ्या उमेदवाराची पेटंट जास्त निघाली, तेव्हा मी म्हणालो, माणसं सांभाळण्याची हातोटी मोजा. माझं बोलणं इतकं सफाईदार होतं की सगळ्यांना पटलं, मलाही पटलं. तो दुसरा माणूस वर्षभरात नोकरी सोडून गेला. जाताना माझ्या टेबलापाशी येऊन हात मिळवून गेला. त्याच्या हाताला यंत्राच्या तेलाचा वास होता, तो अजून आठवतो. त्याची माफी मागायचं मी पुढे ढकलत राहिलो आणि मग पत्ताच राहिला नाही.

तर आधी माप, मग नाव. हे तुला तिसऱ्यांदा सांगतो आहे असं वाटलं तरी वाच.

आणि "शेवटी ज्याचं त्याचं मत" हे जे तू रविवारी म्हणालीस ना, ते मला अजिबात खपलं नाही. मतच द्यायचं होतं तर दोन वर्षं स्टॅटिस्टिक्स शिकायला सांगलीहून इथवर कशाला आलीस? कॅन्टनमध्येही अमुक कॅच झाले की आत, असा लिहिलेला आकडा कुठे नाही. पन्नासच्या आसपास मतदार बसतात, त्यांतल्या ऐंशी टक्क्यांनी हो म्हणावं लागतं. आकडा लिहिलेला नाही म्हणूनच प्रत्येकाने आपलं माप आधी स्वतःशी नक्की करायला हवं. ते केलं नाही की काय होतं ते टेरेल ओवेन्सच्या वेळी दिसलं. 15,934 यार्ड, 153 टचडाउन. मैदानाबाहेरचं वागणं धरायचं नाही असा नियम असताना तो दोनदा नाकारला गेला, कारण संघातली त्याची भांडणं मैदानावरचीच समजा, असा युक्तिवाद निघाला. म्हणजे नाव बघून मापट्याचं तोंड रुंद केलं. 2018 मध्ये घेतला तेव्हा तो कॅन्टनला गेलाच नाही, चॅटनूगाला आपल्या कॉलेजात जाऊन भाषण केलं. लोकांनी त्याला उद्धट म्हटलं. मला तो तेव्हा कळला.

आता वॉर्ड. तुझ्या तक्त्यात त्याचं जे येत नाही ते सांगतो, कारण तू त्याला खेळताना पाहिलेलं नाहीस. चेंडू दुसऱ्याच्या हातात आहे, पळणारा बाहेरच्या बाजूने वळतोय, आणि रिसीव्हर म्हणून ज्याने नुसतं बाजूला उभं राहिलं तरी चाललं असतं तो वॉर्ड आत घुसतो आणि आपल्याहून वजनदार लाइनबॅकरच्या, म्हणजे बचावातल्या गड्याच्या, छातीत खांदा घालतो; यालाच ब्लॉक म्हणतात. पळणारा वीस यार्ड जातो. ते वीस यार्ड पळणाऱ्याच्या खात्यात. वॉर्डच्या रकान्यात शून्य. त्याच्या कारकिर्दीचा मोठा काळ आमचा संघ चेंडू फेकण्यापेक्षा पळवण्यावर जगला, त्यामुळे ही शून्यं फार आहेत. रिसीव्हरचं काम फक्त झेलणं नाही. संपूर्ण काम मोजायचं असेल तर ब्लॉक मोजायलाच हवा.

पण मग सगळ्यांचा मोज. आणि सगळा मोज. 2008 साली वॉर्डच्या एका ब्लॉकने सिनसिनाटीच्या कीथ रिव्हर्सचा जबडा मोडला. पुढच्या वर्षी लीगने तसा आंधळ्या बाजूने डोक्यावर मारायचा ब्लॉक बंद केला, लोक त्या नियमाला वॉर्डचंच नाव देतात. ब्लॉकसाठी त्याला गुण द्यायचे आणि तो जबडा विसरायचा, असं चालणार नाही. मी तो अनेक वर्षं विसरलो होतो.

तसंच त्याची गोष्ट मोजू नकोस. सोलमध्ये जन्म, कोरियन आईने इथे एकटीने राबून वाढवलं, डाव्या गुडघ्यात एक मुख्य अस्थिबंध नाही हे तपासणीत निघालं, म्हणून संघ नवे खेळाडू घेतात त्या 1998 च्या निवडीत तिसऱ्या फेरीपर्यंत, 92 व्या क्रमांकापर्यंत घसरला. माझ्या डोळ्यांत पाणी येतं, कारण आपणही परक्या देशात उभे राहिलेलो आहोत. पण डोळ्यांतलं पाणी मापट्यात धरत नाहीत.

हजाराव्या कॅचचीही भुरळ नको. तो 1 जानेवारी 2012 ला क्लीव्हलँडमध्ये, मोसमाच्या शेवटच्या साखळी सामन्यात झाला. आखूड फेक, हातात आली, आणि तो पकडला गेला तेव्हा चेंडू तीन यार्ड मागे गेला होता. उणे तीन. मी घरात टाळ्या वाजवत उभा होतो. 999 आणि 1000 मध्ये तेवढंच अंतर होतं.

माझं माप विचारशील तर ते असं: आपल्या काळात, आपल्या कामात, काही वर्षं तरी तो वरच्या दोन-चार जणांत होता का? काम पूर्ण धरायचं, आणि काळ त्याचा त्याचा. लिन स्वॉनचे कॅच 336 आहेत, म्हणून त्याला हसू नकोस. 1978 ला नियम बदलले आणि बचाव करणाऱ्याला पाच यार्डांपुढे रिसीव्हरला धरून ठेवता येईना, त्याआधीचा खेळ वेगळा होता.

या मापाने मंक आत जातो. मी चुकलो होतो. सेंट लुइसचा रिसीव्हर टॉरी होल्ट आत जातो: 2000 ते 2005, सलग सहा मोसम, प्रत्येकी 1300 च्या वर यार्ड, त्याच्या आधी कुणाला हे जमलं नव्हतं. आणि मनाला लागतं, पण लिहितो, त्या रांगेत होल्ट वॉर्डच्या पुढे उभा राहतो. वॉर्ड ऑल-प्रोच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या संघात एकदाही नव्हता, 2002, 2003, 2004 अशी तीन वर्षं दुसऱ्या संघात होता.

तरीही माझं मत वॉर्डला आहे. हे पिट्सबर्ग बोलत नाही, हे समजून घे. तीन वर्षं दुसरा संघ, त्यात ब्लॉकचा एकही आकडा धरलेला नाही, आणि 2006 च्या फेब्रुवारीत डेट्रॉइटला सुपर बोलमध्ये 5 कॅच, 123 यार्ड. त्या दिवशी 28 यार्ड हवे असताना आमचा चेंडू फेकणारा रॉथलिसबर्गर डावीकडे पळत सुटला आणि मैदान ओलांडून फेकलेला तो चेंडू वॉर्डने तीन यार्डांच्या रेषेपाशी उतरवला. मग चौथ्या सत्रात रँडल एलने, जो स्वतः रिसीव्हर होता, फेकलेला 43 यार्डांचा टचडाउन. मी हे मापूनच म्हणतोय. मला वाटतं मापूनच म्हणतोय. तू तपास. माझा हात तुला शिगेकडे जाताना दिसला तर पत्रावर तिथे लाल खूण कर आणि मला दाखव, मी रागावणार नाही. रागावलो तरी दाखव.

पुढच्या रविवारी ये. येताना लॅपटॉप आणू नकोस. वीस रिसीव्हरांचे आकडे वीस कार्डांवर लिहून आण, नावं मागच्या बाजूला. वजनं मात्र त्याआधी कागदावर शाईने लिहायची, खाली तारीख आणि सही. मग कार्डं लावू. कार्डं उलटेपर्यंत तुलाही कळता कामा नये कोण कुठे आलं. वॉर्ड खाली गेला तर खाली गेला, तोच निकाल वर्गात सांगायचा.

काकूने थालीपिठाची भाजणी दळून आणली आहे. पोटात काही न टाकता येऊ नकोस म्हणत होती, मग म्हणाली, की रिकाम्या पोटीच ये.

तुझा,
काका

ता. क. 2008 ची मंकबद्दलची माझी मेल सोबत पाठवतो. पूर्ण वाच. त्या मित्राला आज फोन लावला होता, उचलला नाही. रात्री पुन्हा लावीन.