समुपदेशनाची खोली उघडण्याआधी

सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरच्या राजारामपुरीत समुपदेशनासाठी खोली घेतलीस, हे कळलं. क्वीअर (समलिंगी वगैरे) आणि ट्रान्स (जन्मावेळी ठरवलेल्या लिंगाहून वेगळी ओळख असलेल्या) माणसांसोबत काम करायचं तर आधी कोणती थेरपी शिकू, असं विचारलंस. थेरपी शीकच, पण त्याआधी आपली क्रियापदं तपास. मराठीत 'कधी आलास' किंवा 'कधी आलीस' म्हणताना समोरच्याचं लिंग आपण परस्पर ठरवून टाकतो. 'तुम्ही कधी आलात' म्हटलं की ही अडचण येत नाही. म्हणून समोर अठरा वर्षांचं पोर असलं तरी पहिल्या भेटीत 'तुम्ही'च म्हण. मग सरळ विचार, "तुमच्याशी कसं बोलू? आलास, आलीस, की आलात?" जे उत्तर येईल ते केस पेपरच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेव. कधी चुकलंच तर 'माफ करा' म्हणून शब्द दुरुस्त कर आणि पुढं चल. पाच मिनिटं माफी मागत बसलं की समोरच्यालाच आपली समजूत काढावी लागते.

त्यात हे कोल्हापूर. इथं बायकापोरीही 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. तेवढ्यावरून कुणाला ट्रान्स पुरुष ठरवू नको. उलट, जो आपली ओळख सांगू बघतोय त्याचं 'आलो' हे 'आपली बोलीच तशी' म्हणून उडवूनही लावू नको.

केस पेपरवर 'हाक मारायचं नाव' वर घे. कागदोपत्री नाव लागलं तरच विचार. 'लिंग' या शब्दापुढं चौकटी नकोत, मोकळी रेघ ठेव. 'विवाहित / अविवाहित' काढून टाक. त्या जागी लिही : घरी कोण कोण असतं, आणि त्यांतल्या कुणाला तुम्ही इथं येता हे माहीत आहे?

आता गोपनीयता. आपल्या गावात काम बिघडतं ते बहुतेक इथंच. बिंदू चौकात उभी केलेली गाडी कुणाची, हे संध्याकाळपर्यंत घरी कळलेलं असतं. बाहेर नावानं हाका मारू नको. दोन भेटींत वीस मिनिटं मोकळी ठेव, म्हणजे एकाच तालमीची दोन पोरं जिन्यात समोरासमोर येणार नाहीत. पहिल्याच दिवशी विचार : हा मोबाईल अजून कोण हाताळतं? मेसेज कोणत्या नावानं पाठवू? फोन दुसऱ्यानं उचलला तर काय सांगू? फी ऑनलाइन घेतली की तुझं नाव खात्याच्या उताऱ्यात येतं, आणि खातं वडिलांसोबत असलं तर ते वडीलही वाचतात. अशा वेळी रोख घे. गोपनीयतेच्या मर्यादाही बोलणं रंगायच्या आधीच सांग : जिवाला धोका असेल तर गुप्तता मोडावी लागू शकते, आणि अठराखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्यानं कळवावंच लागतं. सगळं सांगून झाल्यावर ही अट ऐकणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं.

आईवडील येतील. "पोराला नीट करा, स्थळ आलंय," म्हणतील. त्यांना झिडकारू नको, तेही घाबरलेले असतात. पण संदिग्धही बोलू नको. समलैंगिकता जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्येच आजारांच्या यादीतून काढली. 'बदलून देणारे' उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलं आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ मध्ये लैंगिक कलावरून भेदभाव न होता उपचार मिळण्याचा हक्क आहे, कलम २३ मध्ये गोपनीयतेचा. 'लग्न झालं की सुटेल' याला मान डोलावू नकोस. त्यात आणखी एका मुलीचं आयुष्य अडकतं.

मरणाचा विषय आडून विचारू नको. "जीव द्यावा असं वाटतं का? कसं, ते ठरवलंय का? त्यासाठी लागणारी वस्तू घरात आहे का?" असंच विचार. विचारल्यानं ती कल्पना डोक्यात शिरत नाही. उसाच्या शेतकऱ्याच्या घरी तणनाशकाचा डबा गोठ्यात हाताशी असतो. तो कुलपात जायला हवा, किल्ली दुसऱ्याकडं. त्यासाठी "सध्या ताण फार आहे, औषध आत ठेवा" एवढं घरच्यांना सांगितलं तरी भागतं, पोराची ओळख उघडी करावी लागत नाही. हे सांगायला आणि कुणाला सांगायचं यालाही आधी त्याची संमती घे. मग खिशात मावेल असा कागद करा : बिघडायला लागल्याच्या दोन-तीन खुणा, फोन करता येईल अशी दोन माणसं, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ (मोफत, चोवीस तास), आणि सीपीआर या इथल्या सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग. कागदावर 'गे', 'ट्रान्स' असा शब्द नको, तो कुणाच्याही हातात पडू शकतो.

घरी सांगून टाक, असा सल्ला देऊ नको. सांगायचंच ठरलं तर आधी हिशेब मांडा : दहावीचं प्रमाणपत्र आणि आधार हाताशी आहेत का, स्वतःच्या नावाचं खातं आहे का, बाहेर काढलं तर पंधरा दिवस कुठं राहणार. शाहू महाराजांनी बहुजनांच्या पोरांना शाळेत या म्हणून भागवलं नाही, वसतिगृहंही उभी केली. तुझ्या कामातही तेच लागू आहे. चंदगडहून येणाऱ्याला संध्याकाळी सातची वेळ दिली तर एस.टी. चुकते, आणि तू मात्र 'नियमित येत नाही' असं लिहून मोकळं व्हायचं. हे बरोबर नाही. जात, पैसा, गावाचं अंतर हेही केस पेपरचाच भाग धर.

सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीला वाहिलेल्या जोगत्यांपैकी कुणी येऊन देवीनं धरलंय म्हणालं, तर लगेच भ्रम लिहू नको. तो भोवतालच्या माणसांचाही विश्वास आहे. झोप, खाणं, काम विस्कटलंय का आणि त्यांना स्वतःला त्रास होतोय का, ते बघ. मात्र इथल्या प्रत्येक ट्रान्स बाईला सौंदत्तीचीच वाट दाखवू नको. तिला बी.कॉम. करायचं असेल.

आणि सगळं ओळखीवरही ढकलू नको. थकवा थायरॉईडचा असू शकतो, रडू परीक्षेचं. नैराश्य खोल असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडं पाठव. गोळ्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात हे आधीच सांग, नाहीतर आठव्या दिवशी त्या बंद होतात.

केस पेपर छापायला टाकण्याआधी एक प्रत मला पाठव. लिंगापुढची रेघ पुरेशी लांब ठेव, छापखानेवाले ती हमखास आखूड करतात.