दहा रकाने भरलेच पाहिजेत का?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी हायस्कूलच्या दुसऱ्या वर्षात, म्हणजे दहावीत आहे. ती सहाव्या वर्षापासून भरतनाट्यम शिकते. गेल्या वर्षी आम्ही रोबोटिक्स आणि वादविवाद मंडळ घेतले, यंदा इस्पितळातले स्वयंसेवकाचे काम आणि गणित मंडळही घेतले. रविवारी ती मराठी शाळेत लहान मुलांना शिकवते आणि आम्ही दोघे नोकरी करत असल्यामुळे शाळेतून आल्यावर आजीकडेही तीच पाहते. ओळखीचे लोक सांगतात, की महाविद्यालयाच्या प्रवेश अर्जातले उपक्रमांचे दहाही रकाने भरलेले हवेत आणि मुलीच्या नावावर एखादी सेवाभावी संस्था असलेली बरी. त्यासाठी मराठी शाळा सोडावी का?

उत्तर : मराठी शाळा सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, मात्र त्याआधी तुम्ही ज्या अर्जाची धास्ती घेतली आहे, तो अर्ज नेमके काय विचारतो ते पाहू.

अमेरिकेतील बहुसंख्य नामांकित महाविद्यालये स्वीकारत असलेल्या कॉमन अ‍ॅप या सामाईक प्रवेश अर्जामध्ये जास्तीत जास्त दहा उपक्रम नोंदवता येतात. ही कमाल मर्यादा आहे, अपेक्षा नव्हे. एमआयटीचा स्वतंत्र अर्ज तर मोजक्या चारच उपक्रमांची जागा देतो; उलट कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्जात उपक्रम आणि पारितोषिके मिळून वीस नोंदी करता येतात. कॉमन अ‍ॅपमध्ये प्रत्येक उपक्रमाच्या वर्णनाला अवघी दीडशे अक्षरे मिळतात, परंतु त्याच्या शेजारी विचारलेले दोन आकडे अधिक बोलके असतात : आठवड्याला किती तास आणि वर्षाला किती आठवडे. कोणत्या इयत्तेत तो उपक्रम केला, हेही तेथे नोंदवावे लागते. दहा उपक्रमांना प्रत्येकी तीन तास धरले, तरी आठवड्याचे तीस तास होतात. शाळा, गृहपाठ आणि झोप सांभाळून हे तास कोठून आले, असा प्रश्न अर्ज वाचणाऱ्याला पडणारच, आणि अकरावीच्या उत्तरार्धात एकदम उगवलेले पाच उपक्रम त्या इयत्तांच्या खुणांमधून आपोआप उघडे पडतात.

आता आजीविषयी. पत्रात तुम्ही हा उल्लेख जाता जाता केला आहे, पण मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटला. कॉमन अ‍ॅपच्या उपक्रमांच्या यादीत ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’ हा स्वतंत्र प्रकार आहे, तसाच पगारी कामाचाही आहे. हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागातील एका प्रकल्पाने 2016 साली प्रसिद्ध केलेल्या आणि अनेक महाविद्यालयांच्या प्रवेशाधिकाऱ्यांनी उचलून धरलेल्या अहवालातही घरच्यांसाठी केलेल्या कामाची दखल घ्यावी आणि उपक्रमांच्या संख्येपेक्षा त्यांचा कस पाहावा, असे म्हटले होते. रोज दुपारी आजीला औषधे देणे, तिला डॉक्टरांकडे नेताना दुभाषाचे काम करणे, यांतले जे काही ती खरोखर करत असेल, ते तिने संकोच न करता लिहावे. आपल्याकडे घरचे काम बाहेर सांगू नये अशी रीत आहे. या अर्जापुरती ती बाजूला ठेवावी.

सेवाभावी संस्थेचा सल्ला मात्र मला पटत नाही. मराठी शाळेत ती आधीपासून शिकवते आहे, तेथे मुले, पालक आणि अडचणी सारे खरे आहे. तेथेच तिने एखाद्या वर्गाची जबाबदारी घेतली, मुलांसाठी वाचनाचे धडे तयार केले, तर नव्या संस्थेच्या नावापेक्षा त्यातून तिच्याविषयी कितीतरी अधिक कळेल. आईवडिलांनी नोंदवलेली, संकेतस्थळापुरती उरलेली आणि प्रवेश मिळताच बंद पडणारी संस्था अनुभवी वाचकाला ओळखू येत नसेल, असे समजू नये.

आणखी एक गोष्ट, थोडी टोचेल अशी. पत्रात ‘आम्ही घेतले’ असे दोनदा आले आहे. मुलीला काय आवडते, हे एकदाही आलेले नाही. तिला एकटीला बसवून विचारावे, की अर्ज नावाची गोष्टच नसती, तर यांतले काय चालू ठेवले असते. त्या उत्तरात नृत्य नसेल, तर इतक्या वर्षांच्या शिकवणीचा हिशेब मांडून तिला अडवू नये. माझ्या अंदाजाने दोन मंडळे तरी गळतील, आणि गळू द्यावीत.

इच्छुक महाविद्यालयांची यादी होऊ लागली, की प्रत्येकाचा ‘कॉमन डेटा सेट’, म्हणजे महाविद्यालयाने ठरावीक नमुन्यात प्रसिद्ध केलेली स्वतःची माहिती, पाहावा. त्यातील सी-7 या तक्त्यात अभ्यासक्रमाचा कस, गुण, निबंध, उपक्रम यांपैकी कशाला किती महत्त्व दिले जाते, हे महाविद्यालयानेच सांगितलेले असते. उपक्रमांना सगळीकडे सारखे वजन नाही, आणि जेथे प्रवेश अतिशय चुरशीचा आहे, तेथेही कच्चे गुण उपक्रमांनी भरून निघत नाहीत.

तपशील फुगवण्याच्या वाटेला तर जाऊच नये. 2019 साली उघडकीस आलेल्या प्रवेश घोटाळ्यात न खेळलेल्या खेळांचे खेळाडू म्हणून मुलांना दाखवले गेले होते, आणि त्यात पालक तुरुंगात गेले. इतक्या टोकाची गोष्ट सोडा, पण कॅलिफोर्निया विद्यापीठ काही अर्ज निवडून त्यांतील उपक्रमांचे पुरावेही मागते. म्हणून आजपासून मुलीने एका वहीत तारीख, काम आणि तास लिहून ठेवावेत. बारावीच्या सुरुवातीला अर्ज भरताना दहावीतले तास आठवत बसावे लागणार नाही, आणि आजीच्या दुपारीही त्याच वहीत असतील.