वाचकांचे प्रश्न : चाळिशीनंतर निदान कशासाठी?

प्रश्न : माझे वय ४३ असून मी सांगलीतील एका बँकेत नोकरी करते. गेल्या वर्षी माझ्या धाकट्या मुलाला एडीएचडी (लक्ष टिकवणे आणि चंचलपणा आवरणे कठीण जाण्याची अवस्था) असल्याचे निदान झाले. त्या वेळी आमच्याकडून भरून घेतलेल्या प्रश्नावलीतील कितीतरी वाक्ये मला माझ्याबद्दलच लिहिल्यासारखी वाटली. अर्धवट राहिलेली कामे, मुदत उलटून गेलेली विजेची बिले, साहेब बोलत असताना भलतीकडेच गेलेले लक्ष, हा सगळा मी आजवर माझा वेंधळेपणा समजत आले. सासूबाई म्हणतात, ‘नोकरी केलीस, दोन मुले वाढवलीस, आता कसला आजार शोधतेस?’ मी तपासणी करून घ्यावी का? बँकेत हे कळेल का? आणि या वयात त्याचा उपयोग तरी काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मुलाच्या निमित्ताने आईला किंवा वडिलांना स्वतःविषयी उलगडा होणे ही आमच्या कामात नेहमीची गोष्ट आहे. एडीएचडीमध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून तो साधारण ७० ते ८० टक्के असल्याचे दिसून आले आहे. आपल्या शाळेच्या काळात मात्र बाकावरून उड्या मारणारा मुलगा तेवढा नजरेत भरत असे, आणि खिडकीबाहेर पाहत गप्प बसलेली मुलगी ‘जरा धांदरट’ म्हणून सुटून जात असे.

उपयोग काय, हा आपला शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण बाकीचे निर्णय त्यावर ठरतात. मोठेपणी निदान झालेल्या व्यक्ती बहुधा आधी सुटकेविषयी बोलतात. आपण आळशी नव्हतो, हे कोणीतरी जाणत्याने सांगितल्याने मनावरचे ओझे उतरते. त्यानंतर अनेकांना राग येतो. सोडून दिलेल्या परीक्षा, ऐकून घेतलेली बोलणी आणि विनाकारण मागितलेल्या माफ्या एकेक करून आठवू लागतात, आणि ‘हे तेव्हाच कोणाच्या लक्षात का आले नाही?’ हा प्रश्न आईवडिलांशी असलेल्या नात्यातही शिरतो. निदान हातात देताना या टप्प्याची कल्पना क्वचितच दिली जाते, ही आमच्या व्यवसायाची उणीव आहे असे मला वाटते. काही जण याकडे मेंदूच्या जडणघडणीतील वेगळेपण म्हणून पाहतात आणि त्यासाठी डॉक्टरांच्या शिक्क्याची गरज नाही असे मानतात. त्यांची भूमिका मला चुकीची वाटत नाही. आपल्या पत्रात मात्र रोजच्या कामातला त्रास स्पष्ट दिसतो, आणि निदानाशिवाय औषधाचा पर्याय खुला होत नाही. म्हणून आपण तपासणी करून घ्यावी, असे माझे मत आहे. नुसते कुतूहल असते, तर सवडीने करा म्हटले असते.

मोबाइलवर भरता येणाऱ्या प्रश्नावलीवर विसंबू नये. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची १८ प्रश्नांची प्रश्नावलीसुद्धा केवळ चाळणी आहे. मनोविकारतज्ज्ञांकडे किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञांकडे जावे. औषध मात्र मनोविकारतज्ज्ञच देऊ शकतात. २०१३ पासून प्रचलित असलेल्या निकषांनुसार काही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात, त्यामुळे माहेरी जुनी प्रगतिपुस्तके असतील तर ती शोधून काढावीत. वर्ग बदलला, शिक्षक बदलले, अक्षर बदलले, तरी ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’ हाच शेरा वर्षानुवर्षे दिसत असेल, तर तो तज्ज्ञांना फार उपयोगी पडतो. थायरॉईड, रक्तक्षय, अपुरी झोप, चिंता, नैराश्य आणि रजोनिवृत्तीच्या आधीचा काळ यांमुळेही लक्ष विचलित होते. त्यांची चौकशी न करता पहिल्याच भेटीत पंधरा मिनिटांत निदान हाती दिले गेले, तर दुसरे मत घ्यावे. पूर्वीच्या निकषांत एडीएचडी आणि ऑटिझम (स्वमग्नता) ही निदाने एकत्र देता येत नसत, आता देता येतात. त्यामुळे आवाज, उजेड किंवा माणसांच्या गर्दीचा विशेष त्रास होत असेल, तर तेही आवर्जून सांगावे.

आता बँकेविषयी. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार आपल्या उपचारांची माहिती गोपनीय ठेवली जाण्याचा आपल्याला हक्क आहे. आपण सांगितल्याखेरीज ती वरिष्ठांपर्यंत जाण्याचे कारण नाही. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधील २१ प्रकारांत ऑटिझम आणि अध्ययन अक्षमता आहेत, परंतु एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही. म्हणजे केवळ या निदानावर प्रमाणपत्र किंवा सवलत मिळण्याची आशा ठेवू नये. माझा व्यवहारी सल्ला असा की, कार्यालयात निदान जाहीर न करताही ‘सूचना तोंडी न देता ईमेलवर द्याल का?’ अशी विनंती करता येते. विम्याच्या अर्जात थेट विचारलेली माहिती मात्र लपवू नये.

सासूबाईंचे म्हणणे निरीक्षण म्हणून खरे आहे. आपण सारे निभावले. ते निभावण्यासाठी किती जागरणे केली, किती याद्या लिहिल्या आणि सुट्टीचा दिवस कसा राहिलेली कामे उरकण्यातच गेला, हे त्यांना दिसलेले नसावे. तज्ज्ञही नेमके तेच विचारतील, म्हणून ते आठवेल तसे कागदावर लिहून न्यावे. तपासणीआधी सासूबाईंना पटवण्याच्या फंदात पडू नये. शक्य असल्यास एका भेटीला पतींना सोबत न्यावे, कारण बऱ्याचदा जवळच्या व्यक्तीकडूनही माहिती घेतली जाते, आणि त्यांना स्वतःला पडलेले प्रश्नही त्यांना तिथेच विचारता येतील.