लॉजिक चपलांसोबत बाहेर ठेव

हिंदी मसाला सिनेमातल्या पहिल्याच मारामारीला 'हे शक्यच नाही' म्हणत तू टीव्ही बंद केलास म्हणून सांगतो. शक्य नाही हे दिग्दर्शकालाही ठाऊक असतं रे! त्याने तुझ्याकडे बघून डोळा मारलेला असतो, तेवढा पकडायचा.

'मैं हूं ना'पासून सुरुवात कर (2004, दिग्दर्शक म्हणून फराह खानचा पहिला सिनेमा). शाहरुख लष्करातला मेजर, पण विद्यार्थी बनून कॉलेजात आलेला. केमिस्ट्रीच्या मॅडम, म्हणजे सुश्मिता सेन, समोर आल्या की व्हायोलिन वाजतात आणि गडी हात पसरून गायलाच लागतो. आपोआप! ज्या पोझवर त्याने नाव कमावलं, तिचीच तो मजेत टिंगल करतोय. शेवटच्या श्रेयनामावलीतही उठू नकोस, पडद्यामागची मंडळी जत्रेत मजा करताना दिसतात.

मग मागे जा. 'अमर अकबर अँथनी', 1977, मनमोहन देसाई. तीन मुलगे एकाच वेळी रक्त देतायत, ते नळ्यांतून वर चढून बाटलीत जमतंय, तिथून खाली थेट आईला. गुरुत्वाकर्षणाला सुट्टी! पण ती आपली आई आहे हे तिघांनाही माहीत नाही, त्यामुळे हसता हसता घशाशी काहीतरी येतंच. (मला अजून येतं.)

आणि गाणी पळवून पुढे जाऊ नकोस. अर्धा खट्याळपणा तिथेच असतो. शक्यतो चारजण जमवून बघ, शिट्टी येणारा एक तरी हवा.