इच्छामरण, दयामरण आणि ‘प्रौढ’ रुग्ण

प्रश्न असा : ब्रिटनमधल्या विधेयकाची बातमी ‘मरणासन्न प्रौढांना इच्छामरण’ अशी वाचली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणातही ‘इच्छामरण’च म्हणत, मधूनच ‘दयामरण’ही. हे सगळे शब्द एकाच अर्थाचे का?

नाहीत. इच्छामरणात इच्छा असते ती मरणाऱ्याची. हा शब्द ऐकला की आपल्याला भीष्म आठवतात. शंतनूने दिलेल्या वरामुळे मरण कधी यायचं हे त्यांच्या हाती होतं. शरपंजरी पडल्यावर ते टळणार नव्हतंच, पण उत्तरायण लागेपर्यंत त्यांनी ते थोपवून धरलं. इंग्लंड आणि वेल्ससाठीचं विधेयक २० जून २०२५ ला ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभागृहात ३१४ विरुद्ध २९१ मतांनी मंजूर झालं. त्यातही मुद्दा वेळेचाच आहे. सहा महिन्यांच्या आत मृत्यू येईल असं डॉक्टरांना वाटतं, अशाच रुग्णाला त्यात डॉक्टरांच्या मदतीने जीवन संपवण्याची मुभा ठेवली होती. मागणी त्याची आणि औषधही त्यानेच घ्यायचं. इथे ‘इच्छामरण’ अगदी चपखल बसतो. पहिल्या उल्लेखात ‘वैद्यकीय साहाय्याने’ जोडावं (‘सहाय्याने’ नव्हे).

अरुणा शानबाग यांच्या बाबतीत मात्र तो साफ चुकीचा आहे. १९७३ च्या नोव्हेंबरात केईएम रुग्णालयात झालेल्या हल्ल्यानंतर त्या इच्छा सांगण्याच्या अवस्थेत नव्हत्याच. त्यांना मरण येऊ द्यावं, अशी याचिका लेखिका-पत्रकार पिंकी विराणी यांनी केली, म्हणून त्या मागणीला फार तर ‘दयामरण’ म्हणता येईल : दया येते ती दुसऱ्याला आणि निर्णयही तोच घेतो. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ ला ती मागणी फेटाळली. केईएमच्या परिचारिकांनी अरुणा यांना पुढेही सांभाळलं आणि १८ मे २०१५ ला त्या न्यूमोनियाने गेल्या. ‘अरुणाला इच्छामरण मिळालं’ असं आजही कोणी लिहितं तेव्हा फार वाईट वाटतं.

त्याच निकालाने उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीवरक्षक उपचार थांबवायला वाट दिली. सर्वोच्च न्यायालयाच्याच २०१८ च्या निकालाने तशी इच्छा आधीच लिहून ठेवण्यालाही मान्यता दिली. याला वर्तमानपत्रांत ‘निष्क्रिय इच्छामरण’ म्हणतात. मी सरळ ‘उपचार थांबवणे’ म्हणेन. आयसीयूबाहेर उभ्या असलेल्या मुलाला डॉक्टर विचारतात, व्हेंटिलेटर काढायचा का? त्या क्षणी ‘मरण’ हा शब्द कानावर पडला, की आपणच आईला मारतोय असं त्याला वाटायला लागतं. खरं तर तिथे आजाराला त्याच्या वाटेने जाऊ दिलेलं असतं.

आता बातमीतले उरलेले दोन शब्द. कायद्याच्या मराठीत अठरा पूर्ण झालेला माणूस ‘सज्ञान’. ‘प्रौढ’ म्हटलं की डोळ्यांसमोर चाळिशीपुढचा माणूस येतो. आणि ‘मरणासन्न’ म्हणजे घटका मोजणारा. सहा महिने हाताशी असलेला रुग्ण मरणासन्न कसा? ‘असाध्य आजार’ही पुरत नाही, कारण असाध्य मधुमेह घेऊन माणसं वयाच्या ऐंशीपर्यंत जगतात. त्यापेक्षा बोलीतलं ‘मरणपंथाला लागलेला’ नेमकं आहे.

म्हणजे ‘मरणपंथाला लागलेल्या सज्ञान रुग्णांना वैद्यकीय साहाय्याने इच्छामरण’. मथळ्यात एवढं मावत नसेल तर ‘वैद्यकीय साहाय्याने’ खाली मजकुरात न्या. ‘मरणपंथाला लागलेल्या’ मात्र काढू नका, कारण जगण्याला कंटाळलेल्या कुणालाही ही मुभा नाही, हे त्या दोन शब्दांतूनच कळतं.