‘मुलगा नाटकाचे लाइट्स करायचं म्हणतोय’

प्रश्न : माझा मुलगा बारावी कॉमर्सला आहे. यंदा कॉलेजच्या एकांकिकेचे लाइट्स त्याने ऑपरेट केले आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात दुसरं काही नाही. हे म्हणतात, ‘बटणं दाबायला शिक्षण कशाला लागतं?’ घरात रोज वाद होतात. पुण्यात तीन महिन्यांचा एक खासगी कोर्स आहे, फी दीड लाख. कर्ज काढून भरावी का? – एक आई, मिरज

उत्तर : ताई, आधी फीचं सांगतो. भरू नका. कर्ज तर मुळीच काढू नका. मुलाला मात्र या वाटेवरून मागे ओढू नका.

तुमच्या यजमानांचं म्हणणं वरवर बघता खरंच आहे. आजच्या लाइटिंग कन्सोलवर, म्हणजे सगळे दिवे चालवणाऱ्या यंत्रावर, प्रयोग चालू असताना बहुतेक वेळ एकच बटण दाबतात, ‘गो’. ते दाबलं की आधी साठवलेला पुढचा क्यू, म्हणजे प्रकाशाचा ठरलेला बदल, सुरू होतो : हे दिवे पाच सेकंदांत वर, ते आठ सेकंदांत खाली. खरी मेख आहे ती बटण कधी दाबायचं यात. काही वर्षांपूर्वी एका हौशी संस्थेच्या प्रयोगाला मी लाइट बूथमध्ये ऑपरेटरच्या मागे स्टुलावर बसलो होतो. शेवटच्या प्रवेशात आई मुलाचं पत्र वाचते, घडी घालते आणि अंधार होतो. तालमीत घडी पडली की लगेच क्यू होता. त्या रात्री ती अभिनेत्री घडी घालून थांबली आणि घडीवरून नखाने पुन्हा एकदा रेघ ओढली. ऑपरेटरचं बोट बटणावर टेकलेलं होतं, पण त्याने ते दाबलं नाही. समोरच्या संहितेकडे त्याचं लक्षच नव्हतं, तो तिच्या खांद्यांकडे बघत होता. तिचे खांदे उतरले आणि मग त्याने गो दिला. दोन सेकंद आधी दिला असता, तर ती रेघ अंधारात गेली असती. यजमानांना हा प्रसंग वाचून दाखवा.

आता बूथच्या बाहेरचं काम, कारण मुलाने ते अजून पाहिलेलं नसणार. प्रकाशयोजना ठरवतो प्रकाशयोजनाकार, पण दौऱ्यावर तो प्रत्येक वेळी बरोबर नसतो. आज सांगली, उद्या कोल्हापूर, परवा ठाण्याचं गडकरी रंगायतन. प्रत्येक नाट्यगृहात दिवे टांगायच्या जागा वेगळ्या, दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारे डिमर वेगळे, कुठे नवा कन्सोल तर कुठे हाताने सरकवायच्या दांड्यांचा जुना दोन रांगांचा फेडर बोर्ड. सेट लागत असतानाच शिडीवर चढून दिवे फोकस करायचे, कोणता दिवा कन्सोलच्या कोणत्या चॅनेलवर येणार ते पॅच करायचं आणि तिसऱ्या घंटेआधी तोच संध्याप्रकाश पुन्हा उभा करायचा, जो मूळ रंगीत तालमीत ठरला होता. हे बटणाचं काम नव्हे.

यात दोन गोष्टी पक्क्या हव्यात. पहिली वीज. हजार वॅटचा एक ‘पार’ (PAR) जातीचा दिवा 230 व्होल्टवर साधारण साडेचार अँपिअर ओढतो. म्हणजे 15 अँपिअरच्या लाइनवर तीन दिवे ठीक, चौथा लावला की लाइन ओव्हरलोड. हा हिशेब ज्याला झोपेतही येत नाही, त्याने डिमरला हात लावू नये. आजूबाजूला पडदे, लाकूड आणि रंग असतो, वर माणसं काम करत असतात. म्हणून माझा आग्रह आहे की त्याने आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड करावा. दोन वर्षांचा आहे, दहावीवर प्रवेश मिळतो, सरकारी आयटीआयची फी परवडणारी असते आणि नाटकाचं काही जमलं नाही तरी हातात कसब राहतं. कॉमर्स सोडून आयटीआय म्हणजे खाली उतरणं, असं कुणी नातेवाईक म्हणाले तर ऐकू नका.

दुसरी गोष्ट नजर. जुना हॅलोजन दिवा विझताना तांबूस होत होत हळूच मावळतो, एलईडी मात्र अगदी तळाशी आल्यावर पुष्कळदा झटक्यात जातो. कन्सोलकडून दिव्याकडे जाणाऱ्या डीएमएक्स सिग्नलमध्ये एका चॅनेलला 0 ते 255 एवढ्याच पायऱ्या असतात, आणि उजेड सावकाश कमी करताना (फेड) तळच्या, अगदी मंद उजेडाच्या पायऱ्या डोळ्याला टोचतात. ज्या मुलाला त्या टोचतात, त्याच्यात काही आहे. त्याला विचारून बघा, त्याच्या लक्षात आलं होतं का.

कन्सोल शिकायला दीड लाख लागत नाहीत. ईटीसी कंपनीचा ईऑस आणि एमए लायटिंग कंपनीचा ग्रँडएमए3, या दोन्ही कन्सोलची संगणकावर चालणारी आवृत्ती फुकट उतरवता येते. पडद्यावरच्या रंगमंचावर दिवे लावून क्यू रचण्याचा सराव घरी होतो, खरे दिवे जोडायचे झाले तरच यंत्र विकत घ्यावं लागतं.

रीतसर नाट्यशिक्षण हवंच असेल, तर पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात बारावीनंतर नाट्यशास्त्राची पदवी करता येते. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे, त्याला पदवी आणि नाटकात प्रत्यक्ष काम केल्याचा अनुभव लागतो. म्हणजे ती पुढची पायरी. या क्षेत्राची उंची कुठवर जाते हे त्याला दाखवायचं असेल, तर प्रकाशयोजनाकार तापस सेन यांच्याबद्दल वाचायला सांगा. 1959 साली कलकत्त्याच्या मिनर्व्हा थिएटरमध्ये ‘अंगार’ नाटकात त्यांनी कोळशाच्या खाणीत पाणी भरत गेल्याचं दृश्य प्रकाशातून उभं केलं होतं.

पैशाचं स्पष्ट बोलतो. इथे महिन्याचा पगार क्वचित, प्रयोगामागे ‘नाईट’, म्हणजे त्या प्रयोगाचं मानधन, मिळते. शनिवार-रविवार जोडून प्रयोग लागले तर धावपळ, परीक्षा आणि पावसाळ्यात हात रिकामे. नुसत्या नाटकावर घर चालवणारे ऑपरेटर थोडे आहेत. बाकीचे नृत्याचे कार्यक्रम, संमेलनं, कंपन्यांचे समारंभ करतात, काही नाट्यगृहांत नोकरीला लागतात. त्याला ही कामं कमीपणाची वाटू देऊ नका. कामाला ‘हो’ म्हणण्याआधी नाईट किती, प्रवास आणि जेवण कुणाकडे, हे विचारायची सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावा. नाटकाच्या प्रेमापोटी मुलं हे विचारत नाहीत आणि वर्षभर फुकट राबतात. मी असे कितीतरी पाहिलेत, म्हणून कळकळीने सांगतो.

बारावीची परीक्षा आधी नीट होऊ द्या. मग सांगलीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात बाहेरचं नाटक येईल त्या दिवशी त्याला दुपारीच पाठवा, ट्रक रिकामा होत असेल तेव्हा. व्यवस्थापकांना नमस्कार करून ‘मदत करू का’ एवढंच विचारू दे. रात्री प्रयोग संपल्यावर दिवे उतरवून, केबल गुंडाळून घरी येईल, तेव्हा त्याच्याशी बोला. शक्य झालं तर त्या रात्री जागं राहून यजमानांनाच दार उघडू द्या.