गॅस गिझर टकटक करतो पण पेटत नाही, कोणता पार्ट बदलावा?

आधी खालच्या डब्यातले दोन मोठे सेल बदला. सेल उतरले की ठिणगी पडते, पण गॅसचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर उघडणारी झडप, उघडत नाही. नवीन सेल घालूनही तेच, तर रेग्युलेटर आणि मग व्हॉल्व्ह तपासून घ्या.

नवीन सेल घालूनही टकटकच येत नसेल तर दोष बहुतेक पाण्याच्या बाजूला. पाणी आत शिरतं तिथली जाळी काढून ब्रशने घासा; पुण्यात वाघोलीकडे टँकर-बोअरचं पाणी असेल तर ती क्षारांनी पांढरी पडलेली दिसेल. जाळी स्वच्छ असेल तर पितळी भागातला रबरी पडदा, म्हणजे डायफ्राम, फाटलाय का बघा. पाण्याच्या दाबाने हाच फुगून ठिणगी सुरू करणारा मायक्रोस्विच दाबतो. पेटून लगेच विझत असेल तर बर्नरजवळची सेन्सर पिन काजळली असेल, बारीक पॉलिश पेपरने पुसा.

पुण्याच्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रिकल सामानाच्या बाजारात, पार्ट शोधणार असाल तर जुना सोबत न्या, डायफ्रामचे माप मॉडेलनुसार बदलते. सिलिंडरचा आणि पाइप गॅसचा जेट, म्हणजे गॅस सोडणारं बारीक छिद्र, वेगळा असतो; तुमचा गॅस कोणता हे दुकानात आवर्जून सांगा.

ज्योत पिवळी दिसली तर गिझर लगेच बंद करा आणि मेकॅनिक बोलवा. बंद बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो. गिझर बाहेर, हवेशीर जागीच हवा.